ईदच्या दिवशीचं पथ्य

बाळाजी राऊत डॉक्टर दर हिवाळ्यात चार दिवस दवाखाना बंद ठेवून मुंबईला जायचे. तिथल्या एका मोठ्या इस्पितळात गावोगावच्या डॉक्टरांसाठी नव्या उपचारांवर व्याख्यानं असायची. रेवदंड्यातले लोक हसायचे. "परीक्षा झालेला डाक्टर अजून शाळंत जातो, मग पयल्यांदा शिकला काय?" मी सोळा वर्षं त्यांचा कंपाउंडर होतो. मला हसू यायचं नाही.

एकोणीसशे सव्वीस सालापर्यंत ते कुठेच जात नसत. बारा वर्षांपूर्वी शिकलेलं जन्माला पुरतं असं त्यांचं ठाम मत होतं, आणि खरं सांगायचं तर माझंही होतं.

पंचवीसच्या दिवाळीनंतर मोहल्ल्यातली महेरुन्निसा आपल्या नऊ वर्षांच्या गुलबानूला घेऊन आली. पोर दिवसभर तांब्यामागून तांब्या पाणी पीत होती आणि अंगावर नुसती हाडं उरली होती. मी तिची लघवी नळीत निळ्या औषधात मिसळून स्पिरिटच्या दिव्यावर तापवली. ती विटेसारखी लाल झाली. साखरेचा विकार होता.

डॉक्टरांना त्यावर एकच शिकवलेलं होतं, खाणं तोडा. एक दिवस कडकडीत उपास, मग दोन दिवस तीनदा उकळून पाणी फेकलेली भाजी आणि एखादं अंडं, पुन्हा उपास. महेरुन्निसानं ते जिवापाड पाळलं. महिन्याभरात लघवीत साखर दिसेना, नळीतलं पाणी निळंच राहू लागलं. मुलीला धड उठून बसवत नव्हतं, पण आम्ही दोघं नळीकडे बघून खूश होतो. त्याची लाज मला आजही वाटते.

एप्रिलात ईद आली, ती नेमकी डॉक्टरांनी लावून दिलेल्या कडक उपासाच्या दिवशी. ईदला उपाशी राहणं मुसलमानांत हराम असतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. महेरुन्निसानं विचारायला हवं होतं, पण डॉक्टरांना उलट विचारायची छाती तिच्यात नव्हती. तिनं पोरीला वाटीत गोड शीरखुर्मा दिला. दोन दिवसांनी मुलीला जोरजोरात धाप लागली, मग शुद्ध हरपली. तिसऱ्या दिवशी ती गेली.

डॉक्टर महेरुन्निसाच्या अंगणात आले. सगळा मोहल्ला जमला होता. "पाच महिने मी जगवली, बीबी," ते म्हणाले. "तुम्ही एका वाटीत मारलीत."

 पुढे शेजारणी महेरुन्निसाच्या हातचं आपल्या पोरांना खाऊ देईनात. तिचा नवरा अलीमियाँ घरात असून नसल्यासारखा वागू लागला.

त्या डिसेंबरात अलिबागच्या एका डॉक्टरमित्रानं आमच्या डॉक्टरांना व्याख्यानांना ओढून नेलं. पाचव्या दिवशी ते परत आले. पिशवी टेबलावर ठेवली आणि टोपी न काढताच बसून राहिले.

"भिकू, साखरेवर टोचायचं औषध निघालंय. मुंबईत दोन वर्षं मिळतंय."

"बरं झालं," मी म्हणालो. मग माझ्या लक्षात आलं आणि हातातली बाटली मी जिथली तिथं ठेवली.

व्याख्यानात त्यांना ते औषध घेणारी एक मुलगी दाखवली होती. दहा वर्षांची, भरलेल्या गालांची. सगळे तिच्याविषयी बोलत होते आणि ती खुर्चीत बसून पोळी खात होती. नुसत्या उपासावर ठेवलेली असली मुलं सगळीच जातात, किती दिवसांत एवढाच काय तो फरक, असं तिथं सांगितलं होतं.

नंतर दोन महिने डॉक्टर त्यावर अक्षर बोलले नाहीत. ते रोगी तपासत, मी पुड्या बांधत असे. मला दुःख झालंय असंही म्हणवेना. आत काही हलतच नव्हतं. शेवटी मी म्हणालो, महेरुन्निसाला सांगायला हवं.

"काय सांगू?"

माझं टाळकं सरकलं. "चारचौघांत मारलीत म्हणताना जीभ बरी चालली!" कंपाउंडरनं असं बोलू नये, पण बोललो.

माघातल्या एका दुपारी आम्ही गेलो. महेरुन्निसा ओट्यावर तांदूळ निवडत होती. डॉक्टर उभ्यानेच बोलले.

"तुम्ही ते दिलं नसतं तरी गुलबानू गेली असती, बीबी. आठ-पंधरा दिवस पुढं, एवढंच. तिला वाचवायचं औषध मुंबईत होतं. मला माहीत नव्हतं, आणि मी माहीत करून घ्यायला हवं होतं. चूक माझी, तुमची नाही. मी मशिदीसमोर उभा राहून सगळ्यांना सांगतो."

मला वाटलं, ती आता रडेल, नाहीतर शिव्या देईल. दोन्ही चाललं असतं. तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. मग सूप खाली ठेवलं.

"म्हंजे माझ्या शीरखुर्म्यानं मेली न्हाय ती?"

"नाही."

तिनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

"तिला आणखी हवा होता, डाक्टर," ती म्हणाली. "वाटी अर्धीच झाली होती. मला तुमची भीती वाटली, म्हणून मी तिच्या हातातनं ओढून घेतली."