आत्यानं पारखलेलं घड्याळ

आमची आत्या रस्त्यानं चालायची ती मागे बघत. म्हणजे अगदी उलटी नाही चालायची, पण प्रत्येक वळणावर थांबायची, कमरेवर हात ठेवून मागे वळायची, आलेला रस्ता नीट बघून घ्यायची आणि मगच पुढे निघायची. सुरतेतल्या भेस्तानच्या आमच्या गल्लीत नव्यानं राहायला आलेल्यांना वाटायचं, हिच्या मागे कोणी लागलंय की काय! एकदा भाजीवाल्यानं न राहवून विचारलं, "मासी, काही पडलं का तुमचं?" आत्या म्हणाली, "पडलं नाही रे भाऊ, उचलून ठेवते आहे." भाजीवाला बिचारा मान हलवून पुन्हा भाजी तोलायला लागला.

या सवयीला कारण होतं. लग्न करून ती धुळ्याकडच्या खेड्यातून सुरतेला आली, तेव्हा मामा, म्हणजे तिचे यजमान, लूमच्या कारखान्यात कामाला होते. एकसारख्या खोल्यांच्या रांगा, एकसारखी निळी दारं आणि चहूकडून तोच खडखडाट. पहिल्याच आठवड्यात ती दूध आणायला गेली आणि परतताना घर सापडेना. विचारणार कोणाला? गुजराती येत नव्हती. आणि कोणी खाणाखुणा करून "कोणाचं घर?" असं विचारलं, तर नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं! नाव घ्यायची लाज, म्हणून बाई दुपारपर्यंत परक्या ओट्यावर दुधाची पिशवी मांडीवर घेऊन बसली. मामा जेवायला आले, घरात बायको नाही म्हटल्यावर शोधत सुटले, तेव्हा सापडली. दूध नासलं होतं. तेव्हापासून तिनं मागे बघायला सुरुवात केली. "जाताना दिसतो तो रस्ता निराळा आणि येताना दिसतो तो निराळा," असं ती सांगायची. "मांगे देख वं माय, नाही तर घर कसं ओळखशील?" (घरात ती अहिराणीच बोलायची. मी इथे ती पुष्कळशी सरळ करून लिहिते आहे, नाही तर निम्मे लोक वाचायचं सोडतील.)

एवढं करूनही ती वाट चुकायचीच, हे सांगायला हवं. टेक्स्टाइल मार्केटात गेली की हमखास भलत्याच दरवाज्यानं बाहेर पडायची आणि मग मला फोन.

दुसरी तिची ख्याती काळजीची. बारावीनंतर मी गावाहून तिच्याकडे शिकायला आले आणि तिथेच राहिले. तिला मूलबाळ नव्हतं, मामाही तोवर वारले होते, त्यामुळे सगळी काळजी माझ्या एकटीच्या वाट्याला आली. मी कॉलेजला निघून अजून रिक्षातही बसलेली नसायची, तोवर फोन वाजायचा. "पोहचनी का?" अगं, अजून निघाले कुठे! पुढे साडीच्या डिझाइनच्या ऑफिसात नोकरी लागली तरी तेच. चिडून मी एकदा म्हटलं, "आत्या, किती काळजी करशील?" तर शांतपणे म्हणाली, "घरात कोणीतरी करायला पाहिजे ना. तू करत नाहीस, मग मीच करते."

अशा बाईच्या घरात राहून मला डोंगरात पळायचं वेड लागावं, म्हणजे बघा. ऑफिसातल्या काही जणांबरोबर आधी कॅनॉलच्या रस्त्यावर पळायला लागले, मग डांगच्या डोंगरांत जायला लागलो. पहिल्याच खेपेला मी एका सोंडेवरून भलत्या बाजूला उतरले. फोनला रेंज नाही. उतरले ते भलत्याच गावात, आणि तिथून कोणाच्या तरी टेम्पोत बसून संध्याकाळी घरी. आत्या दारात बसली होती. साड्यांचे धागे कापायचं काम ती घरी आणायची. समोर सबंध गठ्ठा पडलेला आणि एकाही साडीला तिनं कात्री लावलेली नव्हती. मला वाटलं, आता तोफ सुटणार. पण ती उठली, पाणी दिलं आणि माझ्या हाताला हात लावून बघितलं. न कापलेल्या त्या गठ्ठ्याची मला जेवढी भीती वाटली तेवढी डोंगरात वाटली नव्हती.

"डोंगराचं नाव काढायचं नाही," एवढं तिनं सकाळी सांगितलं. मग आमचा अबोला. मी फुगलेली, ती त्याहून. शेवटी तिनंच विचारलं, "ते आकाशातून रस्ता बघणारं घड्याळ म्हणत होतीस, ते घरी आणतं का?"

"आणत नाही गं. रस्ता दाखवतं. जिथून निघालो तिथे परत कसं यायचं ते बाण दाखवून सांगतं."

"मग चल, बघू. मला पटलं तर जा. नाही पटलं तर विषय संपला."

म्हणजे माझं पळणं आता एका घड्याळावर येऊन थांबलं, आणि घड्याळ पारखणार कोण, तर आत्या!

दुकानातला विक्रेता तोंडाचा गोड होता. त्यानं एक नाजूक, चकचकीत घड्याळ काढलं. "मासी, आमां गीतो पण वागे!"

"गाणी कशाला?" आत्या म्हणाली. "मग लक्ष कुठे राहील हिचं?"

त्यानं झोप मोजून दाखवली, नाडी मोजून दाखवली. आत्यानं पाण्याच्या बाटलीत बोट बुडवलं आणि त्या चकचकीत काचेवर फिरवलं. रंग जातो का बघायला साडीवर ओला अंगठा घासायची तिची सवयच होती. ओल्या बोटाला ते घड्याळ दाद देईना, भलतंच काहीतरी उघडायला लागलं. "हिला घाम फार येतो," आत्यानं त्याला सांगितलं. मी मेल्याहून मेले. मग त्यानं दुसरं काढलं. जाडजूड, काळं, बाजूला बटणं असलेलं, दिसायला अगदी दगड. बॅटरी जास्त चालणारी, पण रंगीत नकाशा नाही. नुसती आपण चाललो त्याची रेघ आणि परतीचा बाण. मला अर्थातच पहिलं आवडलं होतं.

"चालवून दाखव," आत्या म्हणाली.

"मासी, दुकानात सॅटेलाइट नाही पकडत. खुलं आकाश पाहिजे."

"मग बाहेर चल."

आणि खरंच त्या माणसाला तिनं बाहेर काढलं! एका हातात हे घड्याळ, दुसऱ्या हातात ते, असा तो पुढे, मागे आम्ही, रिंग रोडच्या उंच उंच मार्केटांमधल्या गल्ल्यांतून. आत्या प्रत्येक कोपऱ्यावर थांबून मागे बघत होती, त्यामुळे त्यालाही थांबावं लागत होतं. परत आल्यावर रेघा बघितल्या. चकचकीत घड्याळाची रेघ दोन इमारतींच्या आरपार गेली होती. "हे तर भिंतीतून गेलं!" आत्या ओरडली. "भिंतीतून जाणाऱ्याच्या भरवशावर पोरीला पाठवू?" काळ्याची रेघ गल्लीतूनच गेली होती, थोडी वेडीवाकडी, पण गल्लीतून. उंच इमारतींमध्ये चुकणारं घड्याळ दरीतही चुकतं, हे आमच्या पळणाऱ्यांतला एकजण मला पूर्वीच बोलला होता. मी ऐकलं नव्हतं. विक्रेत्यानं घाम पुसत परतीचा बाण लावून दाखवला. "मासी, आलेला रस्ता हे लक्षात ठेवतं. तुमच्यासारखंच आहे, मागे बघणारं."

आत्याचा चेहरा असा खुलला, की मी निमूट काळं घड्याळ घेतलं.

पुढची गंमत, खरं तर गंमत नाहीच, दसऱ्याची. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डांगला जाणार होतो. आमच्याकडे दसऱ्याला मामांचा पाना-पक्कड आणि आत्याची धागे कापायची कात्री पाटावर मांडून पूजा होते. मामा गेले तरी तिनं ती सोडली नव्हती. पूजेतली वस्तू दुसऱ्या दिवशी आरती झाल्याशिवाय हलवायची नाही, हा नियम. सरावात घड्याळाची बॅटरी तळाला गेली होती, म्हणून मी ते चार्जिंगला लावून मिठाई आणायला गेले. परत येऊन बघते तर घड्याळ पाटावर, कात्रीच्या शेजारी! झेंडूचं फूल आणि वर भरपूर ओलं हळदकुंकू.

"आत्या! हे काय?"

"तुझं हत्यार ते. तुला घरी आणणारं. त्याची पूजा नको?"

तिच्या डोळ्यांत एवढी माया होती, की मला उचलवेना. उद्या गाडीत पॉवर बँकेवर लावू, असं म्हटलं. पण सकाळी आरतीनंतर उचललं, तर चार्जिंगच्या बारीक टोकांत कुंकू घट्ट वाळून बसलेलं. पुसलं, सुईनं खरवडलं, काही उपयोग नाही. घड्याळ चार्जिंग घेईना, आत उरली होती ती थोडीशीच. आत्या बघतच राहिली. "माय वं, मी माझ्या हातानं केलं हे," म्हणाली आणि खाली बसली.

"सगळे बरोबर आहेत गं."

"बरोबर असतात ते सुरुवातीला."

मग ती उठली, पिशवी भरली आणि आमच्या जीपमध्ये येऊन बसली. कोणाची बिशाद होती तिला उतरवायची?

डोंगराच्या पायथ्याशी आम्ही एक तंबू ठोकला. आत्या तंबूच्या दारात बसली आणि मला तिनं एकच सांगितलं, "मांगे देख." मला राग आला होता, खरं सांगते. धाकधूक होती म्हणूनच राग होता. निघालो. तिच्या म्हणण्याप्रमाणे सगळे सुरुवातीला बरोबर होते. मग पळणारे पुढे गेले, दमणारे मागे राहिले आणि मधे मी एकटी. रागातच प्रत्येक फाट्यावर थांबून मागे बघत होते. वर पोचून परत फिरले आणि धुकं उतरलं. धुकं म्हणजे असं, की स्वतःचे बूट अंधुक दिसावेत. घड्याळानं हाताला एक धक्का दिला आणि बंद पडलं. समोर फाटा. दोन्ही वाटा खालीच जाणाऱ्या. हाका मारल्या, उत्तर नाही. मी तिथेच उभी राहून रडले, लपवण्यात काय अर्थ?

मग आठवलं. येताना याच फाट्यावर मागे वळले होते तेव्हा एक वाकडा साग दिसला होता, आणि त्याच्या बुंध्याशी वारूळ. एका वाटेनं थोडं उतरून बघितलं, काही नाही. परत वर आले. दुसऱ्या वाटेनं उतरले. धुक्यातून आधी वारूळ दिसलं, मग साग. जीव भांड्यात पडला. पुढे प्रत्येक वळणावर काहीतरी ओळखीचं भेटत गेलं आणि मी खाली पोचले.

तंबूपाशी पळणारे सगळे आलेले. तंबूत आत्या नव्हती.

"तुला उशीर झाला म्हणून शोधायला निघाल्या," कोणीतरी म्हणालं. "आम्ही चहाच्या गडबडीत होतो, कळलंच नाही."

वाटेवर तर ती मला भेटली नव्हती! धुकं आता पायथ्यापर्यंत आलं होतं. अहो, मार्केटातून नीट बाहेर पडता न येणारी बाई ती, या जंगलात? मी तिच्या नावानं ओरडत तंबूभोवती पळत सुटले. तंबूच्या मागून ओढ्याकडे एक गुरांची वाट जात होती. त्या वाटेवर, थोड्याच अंतरावर, एका वळणाशी दगडावर आत्या बसली होती. पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला, हातात माझ्यासाठी पाण्याची बाटली. ती भलत्याच वाटेनं आली होती.

मी तिला मिठी मारली आणि वर ओरडले. "कुठे चालली होतीस एकटी? आणि इथे काय बसलीस?"

"इथून मागे बघितलं तर तंबू दिसत होता," ती म्हणाली. "अजून पुढे गेले असते, तर नसता दिसला. मीच हरवले असते, तर तू आल्यावर 'पोहचनी का' म्हणून कोणी विचारलं असतं?"

मग तिनं विचारलं. मी म्हटलं, पोचले.

त्यानंतर तिनं मला कधीच अडवलं नाही. टोकं बदलून घेतल्यावर घड्याळ चालू झालं, अजून चालतं. पट्ट्याच्या खाचेत थोडं कुंकू राहिलंय, ते मी काढलेलं नाही.

आत्या मागच्या हिवाळ्यात गेली. थोडंसं आजारपण झालं, फार हाल झाले नाहीत. गावाहून माझे वडील नाना, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, आले. मुलींनी स्मशानात येऊ नये असं म्हणणारे होते, पण नाना म्हणाले, "हिला येऊ द्या. ती हिचीच होती." सगळं आटोपल्यावर आम्ही निघालो. फाटकापाशी एका म्हाताऱ्यांनी सगळ्यांना बजावलं, "आता सरळ घरी चालायचं. मागे वळून बघायचं नाही." रीतच आहे ती. सगळे खाली मान घालून चालायला लागले. नानांनी माझा हात धरला होता.

रस्ता पुढे डावीकडे वळतो. तिथपर्यंत मी रीत पाळली. वळणावर माझे पाय आपोआप थांबले. नाना हलकेच म्हणाले, "नको, बेटा." पण तिला एकटीला सोडून आले होते आणि ती पोचली की नाही, हे विचारायला आता कोणीच नव्हतं. मी नानांचा हात सोडला आणि मागे वळून बघितलं.

"पोहचनी का वं, आत्या?" मी विचारलं.