उजवा इंडिकेटर

विद्याधर टिपणीसांच्या बुलेटचा उजवा इंडिकेटर कित्येक वर्षं पेटत नव्हता, आणि त्यावाचून त्यांचं काही अडतही नव्हतं, कारण मागच्या सीटवर बायको असायची. गाडी ब्याऐंशी सालची. मुलुंडच्या त्यांच्या सोसायटीत पंजाबी ड्रेस घालून, दोन्ही बाजूंना पाय टाकून बसणारी पहिली बाई म्हणजे जयंती. त्यावरून तेव्हा बरीच कुजबुज झाली, तिने त्या कुजबुजीला काडीची किंमत दिली नाही. उजवीकडे वळायचं असलं की तिचा हात बांगड्यांसकट ताठ बाहेर यायचा आणि मागचा टेम्पोवालासुद्धा निमूट थांबायचा. मेकॅनिक मिथुन दर सर्व्हिसिंगला विचारायचा, "काका, इंडिकेटर करून टाकू ना?" टिपणीस म्हणायचे, "राहू दे रे. माझा इंडिकेटर बोलतोसुद्धा."

गंमत अशी, की तिला पटल्याशिवाय तो हात निघत नसे. टिपणीसांना मित्राकडे पत्ते कुटायला जायचं असलं आणि तिच्या मनात नसलं, तर वळण आलं तरी मागे सामसूम. मग बिचारे सरळ जात. घरी येऊन तणतणत, पण जात सरळच.

गेल्या वर्षी जयंतीला अर्धांगाचा झटका आला. बोलणं परत आलं, पाय ओढत का होईना ती चालू लागली, उजवा हात मात्र लोंबतच राहिला. फिजिओथेरपीसाठी येणाऱ्या शुभाने व्यायाम दिला, उजव्या हाताची बोटं भिंतीवर एकेक करून वर चढवायची. टिपणीसांनी खांद्याच्या उंचीवर पेन्सिलने रेघ मारली आणि म्हणाले, "इथे पोचलीस की बुलेट बाहेर काढायची. तुझ्याशिवाय मी वळणार कसा?"

त्या एका वाक्यावर जयंतीने वर्ष काढलं. सकाळी चहाच्या आधी ती भिंतीशी उभी राहायची. घाम फुटायचा, कधी रडू फुटायचं. बोटं कमरेच्या जरा वर जायची आणि घसरायची. शुभा हल्ली नुसतं "छान, छान" म्हणायची आणि टिपणीसांची नजर टाळायची. त्यांना काय ते कळत होतं. त्यांनी ते आपल्याशीच दाबून ठेवलं होतं.

अशात लग्नाचा वाढदिवस आला. टिपणीसांच्या मनात आलं, रेघेची वाट बघत किती दिवस बसायचं? ओढणीने तिला पाठीशी बांधून घेऊ आणि कालिदास नाट्यगृहापर्यंत एक चक्कर मारून येऊ. हाताचं म्हणाल तर इंडिकेटर दुरुस्त करून टाकू, म्हणजे तिला वाईट वाटायला नको. प्रेमात माणूस किती मठ्ठ होऊ शकतो, बघा.

मिथुनने बल्ब काढून पाहिला, बल्ब धडधाकट होता. वायरमध्ये करंटही येत होता. मग त्याने इंडिकेटरची दांडी मडगार्डपासून सोडवली, तर बोल्टखाली नुसता गंज. "अर्थिंग गेलं होतं, काका." पॉलिश पेपरने घासून त्याने पत्रा चकचकीत केला, बोल्ट आवळला, आणि दिवा उघडझाप करायला लागला.

"एवढंच होतं?" टिपणीसांनी विचारलं.

"एवढंच. तुम्हीच हात लावू देत नव्हता ना."

संध्याकाळी ते जयंतीला लिफ्टने खाली घेऊन आले. तिने नवा ड्रेस घातला होता. गाडी बघून तिचा चेहरा असा खुलला, की टिपणीसांना धन्य वाटलं. त्यांनी किक मारली आणि ऐटीत बटण दाबलं. "बघ. आता तुला काही करायला नको."

जयंती त्या लुकलुकणाऱ्या दिव्याकडे बघत राहिली. मग तिने डाव्या हाताने आपला उजवा हात उचलून पोटाशी धरला.

"म्हणजे हा उठायचा नाही," ती म्हणाली. "तुमचं ठरलंय."

"अगं, तसं नाही गं. आपली नुसती सोय म्हणून..."

"शुभा बोलत नाही, पण मला तिचं तोंड दिसतं. मला वाटलं, तुम्ही तरी थांबला आहात."

ती गाडीवर बसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीशीही उभी राहिली नाही. "नंतर करते," म्हणाली, आणि दिवस मावळला. तिसऱ्या दिवशीही तेच. टिपणीसांना घास गिळवेना. आपण एका दिव्यापायी हिची सगळी उमेद घालवली, हे त्यांना आत सारखं जाळत होतं.

शेवटी ते खाली गेले, इंडिकेटरची वायर उपटली आणि वर येऊन म्हणाले, "बंद पडला गं परत. मिथुनला काही जमत नाही. आता तुझ्याशिवाय..."

खोटं बोलताना त्यांचे कान लाल व्हायचे. संसारभर व्हायचे, आजही झाले.

"वायर ओढलीत ना?" जयंतीने विचारलं.

तिने त्यांना जवळ बसवून घेतलं. तिचेही डोळे भरले होते, पण आवाज शांत होता. "जोडून या. यापुढे एकट्यालाच जायचंय तुम्हाला. मागच्याला कळायला नको, तुम्ही वळताय ते?"

"मी नाही जाणार एकटा."

"जाल. भाजी आणायला तरी जालच की."

टिपणीस खाली गेले. काम काहीच नव्हतं, दोन टोकं पिळून टेप गुंडाळायची. पण वर्षभर दाबलेलं सगळं एकदम वर आलं आणि ते गाडीशेजारी फरशीवर बसून ढसाढसा रडले. शुभाने जे सांगितलं नव्हतं आणि त्यांनी स्वतःशीही म्हटलं नव्हतं, ते अखेर त्यांच्या तोंडून बाहेर पडलं. "नाही उठणार तिचा हात," ते म्हणाले. मग त्यांनी वायर जोडली.