खिडकीतली ती

भुताखेतांच्या गोष्टी मी आजवर फक्त नातवंडांना चार घास जास्त भरवायला वापरल्या... स्वतः एकही गिळली नाही. तेव्हा हसायचं तर खुशाल हसा.

कतारला, दोहाच्या अल हिलाल भागात आमच्या निनादचा भाड्याचा व्हिला आहे. आम्ही दोघं म्हातारे लेकाकडेच असतो. उन्हाळ्यात निम्मी गल्ली गावी जाते आणि दारांना अडकवलेले जाहिरातींचे कागद साठत जातात — चोराला तेवढं पुरतं. यंदा पलीकडचं एक घर चोरांनी फोडलं, तशी सूनबाई म्हणाली, "आई, आपण नसलो तरी घर भरलेलं दिसलं पाहिजे."

मग काय, माझ्या अंगातच आलं! ह्यांचे जुने सेफ्टी शूज दाराबाहेर मांडले. कागद काढायचं शेजारच्या लिसीला सांगितलं. वरच्या खिडकीत उभा पंखा ठेवला. निनादने पाती काढून त्याची मान तेवढी फिरती ठेवली, आणि मी त्याला माझी नव्या नवलाईतली डाळिंबी साडी गुंडाळली, वरून पदर. दिव्याला नि पंख्याला टायमर. संध्याकाळी पडद्याआड बाई इकडेतिकडे बघतेय असं वाटावं. इथल्या भाषेत यल्ला, खलास — आम्ही साताऱ्याला.

परतलो तर लिसी दारात हजर. "आंटी, आपका छोटी बहन कितना स्वीट है! रोज शाम को मेरी बेटी को हाथ हिलाती थी. आप तो कभी नहीं हिलाते!"

पंख्याला हात कुठून आले? आम्ही वर धावलो. निनाद वाकून बघतो तर — टायमर नीट लावलेला, पण भिंतीवरचं बटणच बंद! म्हणजे दिवा लागलाच नव्हता, पंखा हललाच नव्हता. दारावरच्या कॅमेऱ्यात आलं-गेलं कुणी नाही.

खरं तर मी घाबरायला हवं होतं. मला राग आला. छोटी बहन म्हणे! ती कोण ते मला पक्कं ठाऊक होतं. तिशीतली मी! कंबर मुठीत मावेल एवढी, अक्कल त्याहून कमी. तेव्हा ह्यांची नोकरी इथलीच; हे रास लफानच्या गॅस प्लांटवर शिफ्टला निघाले की कंपनीची बस वळेपर्यंत खिडकीत हात हलवत उभी. मागे दूध उतू जातंय, हिला पत्ता नाही. बावळट!

ह्यांना सांगितलं, तर हे खुदकन हसले. "हलवायचीस खरी."

"मग?"

"मग काय... बंद केलंस."

तेव्हापासून हे रोज संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून वर बघत बसतात. चहा निवून जातो. शेजारी मी बसलेली असते हो, अख्खी!

मी पंखा स्टोअररूममध्ये ढकलला, साडी कुलपात घातली. तरी ह्यांची मान वरच. शेवटी परवा मीच वर गेले, दिवा लावला, खिडकीत उभी राहिले आणि हात हलवला.

हे ताडकन उठले. हात वर केला. चेहरा असा उजळला म्हणून सांगू... मी पार विरघळले. मग लक्षात आलं — नजर माझ्यावर नव्हतीच. जरा डावीकडे होती.

तेवढ्यात शेजारच्या गच्चीतून लिसीची पोर ओरडली, "हाय आंटी! हाय छोटी आंटी!"

मी वळून बघितलं नाही. कशाला बघू? डाव्या कोपराने एक ढुशी मात्र दिली, चांगली जोरात.

त्या बाजूला भिंत नव्हती, पडदाही उजवीकडे सारलेला होता. पण ढुशी बसली. कुणाला, ते अजून मला कुणी सांगू शकलेलं नाही.