ओल कुठपर्यंत

नगरपालिकेच्या बांधकाम परवानगी खात्यात तिला सगळे गमबूटबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं आणि त्याचं तिला फारसं वाटतही नसे. इतरांच्या टेबलाखाली डब्याच्या पिशव्या असत, तिच्या टेबलाखाली गुडघ्यापर्यंतचे काळे गमबूट. कपाटामागे मातीत भोक पाडायचं लांब दांड्याचं गिरमिट उभं असे.

गावाच्या खालच्या अंगाला पाणथळ होती. कुठे गुडघाभर पाणी, कुठे नुसता चिखल, लव्हाळी आणि पुष्कळ पक्षी. ती राखीव झाल्याला बरीच वर्षं लोटली होती, आणि तिच्या कडेपासून ठरावीक अंतरात कुणालाही घर बांधायला मनाई होती. आता कड कुठली, इथेच घोडं अडायचं. लोक म्हणत, पाणी दिसतं ती कड. गमबूटबाई म्हणे, पाणी उन्हाळ्यात मागे जातं आणि पुन्हा येतं. माती जागची हलत नाही, तिला विचारा. जिथे वर्षातले काही महिने पाणी मुरून राहतं तिथली माती राखाडी पडते, तिच्यात गंजासारख्या तांबड्या रेषा उमटतात. ती माती जिथवर, तिथवर पाणथळ.

जागेवर गेल्याशिवाय तिने आजवर एका फाइलवर सही केली नव्हती. त्यामुळे घर बांधणाऱ्यांच्या ती डोळ्यांत सलायची, आणि शेजारच्या टेबलावरच्या तपासनिसाकडे लोक आवडीने जायचे. हा गृहस्थ मनाने लोण्यासारखा. कुणाला नाही म्हणायचं म्हटलं की त्याचा घसा बसायचा. खात्यात त्याचं नाव होयबा.

एके दिवशी तिच्या टेबलावर एक फाइल आली. पाणथळीच्या बाजूला, खालच्या रस्त्यावर, एकमजली घर. वर अर्जदाराचं नाव होतं तिच्या नणंदेचं.

ती नाव बघतच राहिली. नणंदेने जागा घेतल्याचं तिला माहीत नव्हतं. नवऱ्यालाही नसावं.

ही नणंद नवऱ्याहून पुष्कळ मोठी. आईवडील लवकर गेले, भावाला तिनेच लहानाचा मोठा केला. शाळेत खेळ शिकवायची आणि शाळेच्या वसतिगृहाची देखरेखही करायची. लग्न केलं नाही. उभं आयुष्य वसतिगृहाच्या कोपऱ्यातल्या एका खोलीत गेलं, जिच्या दारावर कुणाचं पोट दुखतंय, कुणाला घरची आठवण येतेय म्हणून केव्हाही थाप पडायची. निवृत्त झाल्यावर तिसऱ्या मजल्यावर भाड्याची खोली घेतली. ताठ कणा, आखूड केस आणि जिभेला हाड नाही. भावाने होणारी बायको पहिल्यांदा घरी आणली तेव्हा ती भावाला म्हणाली होती, "मुलगी हुशार आहे. चालते मात्र बदकासारखी." स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली होती. त्याला वीस वर्षं होऊन गेली. दोघींचं भांडण असं कधी झालं नाही, पण गूळपीठही जमलं नाही. वाढदिवसाला फोन, आजारपणात डबा, बाकी रामराम.

गमबूटबाईने फाइल उचलली आणि मुख्य अधिकाऱ्यांच्या खोलीत नेऊन ठेवली. "ही माझ्या नणंदेची आहे. मी बघणं बरं नाही."

ते हसले. "कुणी आणून देत नाही हो असं. द्या होयबाकडे."

तिला वाटलं, सुटले.

पुढच्याच आठवड्यात होयबा चहाचा कप घेऊन तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. आवाज खाली आणून म्हणाला, "काम झालं बरं का तुमचं. घरचंच समजून केलं."

"माझं कसलं काम?"

"नणंदबाईंचं. मंजुरीसाठी वर पाठवलीय फाइल. तुम्हाला काही बोलावं लागू नये म्हणून मीच घाई केली."

त्याचा चेहरा इतका प्रसन्न होता की तिला त्याच्यावर रागावताही येईना. तिने फाइल मागून घेतली. मोजणी ऐन उन्हाळ्यातली. पाणी जिथे दिसलं तिथे कडेची रेघ. गिरमिट लावल्याची नोंद नाही. आणि घराच्या मागे, पाण्याच्या बाजूला, संडासाचं पाणी मुरवायचा शोषखड्डा. मागे एका फाइलसाठी शेजारच्या जागेत ती स्वतः उभी राहिली होती, तिथली माती तिने हातात घेतली होती. बांधाच्या पलीकडची माती एकदम वेगळी कशी असेल?

आणि तेव्हा, अगदी क्षणभर, तिला बरं वाटलं. ताईंची चूक आपल्या हातात सापडली, असं काहीतरी. लगेच ते तिलाच लाजिरवाणं वाटलं आणि तिने फाइल मिटली.

दुपारी ती नवऱ्याच्या दुकानात गेली. तो चष्म्याच्या काचा घासून द्यायचा. गिऱ्हाईक नव्हतं. तिने सगळं सांगितलं.

"तू फाइल सोडलीस ना," तो म्हणाला. "मग तू मोकळी."

"फाइल सोडली. डोळे कुठे सोडू?"

तो म्हणाला, "ताईला वाटेल तू जुना दावा साधतेयस."

"आणि तुला?"

हातातली काच त्याने पुसली, उजेडात धरली, पुन्हा पुसली. "मला नाही वाटत," तो म्हणाला, "पण मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही."

लग्नाच्या नवऱ्याने असं म्हणावं याचं तिला वाईट वाटलं. पण तिला तरी कुठे छातीवर हात ठेवता येत होता? येताना वाटेत तिने ठरवलं, खात्यात तोंड उघडायच्या आधी ताईंना सांगायचं. समोरासमोर.

तरी जायला तिला चार दिवस लागले. गेली तर नणंद खोलीत नव्हती. शेजारणीने वर बोट दाखवलं. गच्चीवर जाऊन बघते तर सगळ्या फरशीवर खडूच्या पांढऱ्या रेघा, आणि मधोमध नणंद हातात खडू घेऊन उभी.

"थांब, भिंतीतून येऊ नकोस," ती म्हणाली. "दार तिकडे आहे."

गमबूटबाई मुकाट्याने वळसा घालून दारातून आत आली. हे आख्खं घर होतं, खऱ्या मापाचं. शाळेच्या मैदानावर उभी हयात रेघा मारल्या त्या हाताने मारलेलं, एकही रेघ वाकडी नाही. इथे ओटा. इथे पलंग. इथे खिडकी. खिडकीपाशी खरीखुरी एक खुर्चीही ठेवली होती, पाणथळीकडे तोंड करून, जरी इथून समोरच्या इमारतीची टाकीच दिसत होती.

"रोज येते मी इथे," नणंद म्हणाली. "कुठली भिंत कुठे आडवी येते ते कागदावर कळत नाही. संडासाचं दार दोनदा बदललं. भावाला सांगणार होते, पायाभरणीच्या दिवशी. तुझ्या कचेरीतून कळलं असेल."

"हो." पुढचं बोलायला तिला बराच वेळ लागला. शेवटी ओटा जिथे होता तिथे उभं राहून तिने सांगून टाकलं. माती, ओल, शोषखड्डा, होयबाची घाई, सगळं.

नणंदेने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. मग खडूचे हात झटकत म्हणाली, "किती वर्षं वाट बघत होतीस?"

"कशाची?"

"मला नाही म्हणायची."

गमबूटबाईचे डोळे भरून आले, पण ती म्हणाली, "ताई, खरं सांगू? फाइल उघडली तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं होतं. म्हणून तर आधी तुमच्याकडे आले. माझं मलाच कळेना."

नणंद तिच्याकडे नीट बघत राहिली, जशी मैदानावर लंगडणाऱ्या मुलीकडे ती बघत असेल, हिला खरंच लागलंय की ढोंग आहे म्हणून. "जागा दाखव मला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी गेल्या. नणंद खेळाचे बूट घालून आली होती. चार पावलांत बुटांचा पार लगदा झाला. गमबूटबाईने गिरमिट रोवलं, फिरवलं, वर ओढलं. राखाडी चिखल, त्यात तांबड्या शिरा, आणि नासक्या अंड्यासारखा वास. तिने तो नणंदेच्या तळहातावर ठेवला.

"पाणी तर तिकडे आहे."

"आत्ता तिकडे आहे. काही महिने ते इथे येऊन राहतं, जमिनीखाली. वरून कळत नाही."

"घर बुडेल?"

"घर बुडणार नाही. भिंतींना ओल येईल. पण शोषखड्ड्यातलं सगळं सरळ त्या पाण्यात जाईल. तुम्ही जे बघायला खिडकी ठेवलीय त्याच्यातच."

नणंदेने चिखल बोटांनी कुस्करला. "दुसऱ्या कुणाला हे सांगायला तुला किती वेळ लागला असता?"

"त्याच दिवशी सांगितलं असतं."

"मग मला का नाही?"

"तुम्ही ताई म्हणून."

गमबूटबाईने आणखी वर, रस्त्याच्या बाजूला, दोन-तीन ठिकाणी गिरमिट लावलं आणि शेवटी एक खुंटी ठोकली. तिच्या मते कड तिथे होती. तिथून नियमाचं अंतर सोडलं तर मागे उरत होती ती कोंबड्यांच्या खुराड्यापुरती जागा. नणंदेने खुंटीपासून रस्त्यापर्यंत पावलं टाकली आणि तिच्याही ते लक्षात आलं.

"तू खोटं बोलत नाहीस, एवढं मला कळतं," ती म्हणाली. "पण घरच्या पंचाचा निकाल मैदानावर चालत नाही. मी चालू दिला नाही कधी. बाहेरचा कुणी बोलाव. माझं तुझं नातं त्याला सांगू नकोस."

मुख्य अधिकारी वैतागले. मंजूर होत आलेली फाइल, अर्जदाराची तक्रार नाही, आणि यांना बाहेरचा तपासनीस हवा. पण नणंदेनेच लेखी मागणी केल्यावर त्यांना नाही म्हणता येईना. होयबा मात्र दुखावला. "मी तुमच्यासाठीच केलं हो," एवढंच म्हणाला, आणि बरेच दिवस चहाला येईनासा झाला.

बाहेरचा तपासनीस आला तो एक वयस्कर, कमी बोलणारा माणूस. त्याने सकाळभर गिरमिट लावलं, माती बोटांवर घासली, हुंगली, झेंडे रोवत गेला. दोघी रस्त्यावर उभ्या राहून बघत होत्या. होयबाची रेघ साफ चुकली होती, याविषयी प्रश्नच नव्हता. पण त्याचा शेवटचा झेंडा गमबूटबाईच्या खुंटीपाशी आला नाही. तिच्या खुंटीपासून काही पावलं खालीच, पाण्याकडे, तो थांबला.

ती त्याच्याजवळ गेली. "माझ्या मते कड आणखी वर आहे."

"दाखवा."

तिने आपल्या जागी गिरमिट लावलं. माती वर आली. राखाडी होती, तांबडंही होतं, पण पुसट. त्याने बघितलं, तिने बघितलं.

"जुनी ओल असेल," तो म्हणाला. "मी ही धरत नाही. तुम्ही धरलीत तर तुम्हाला चूक म्हणणार नाही. इतका फरक माणसागणिक पडतोच."

तो आपल्या गाडीत जाऊन बसला आणि ती माती हातात घेऊन तिथेच उभी राहिली. वीस वर्षांत शेकडो खुंट्या तिने ठोकल्या होत्या. अशी पुसट माती याआधी तिने धरली होती का? एखाद्याची धरली, एखाद्याची सोडली, असं झालं होतं का? तिला आठवेना. या जागी ती का धरली हे मात्र तिने मनाला परोपरीने विचारलं आणि उत्तर सरळ येईना. कदाचित सूड. कदाचित उलटंच, घरच्या माणसाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून जरा जास्तच कडक झाली असेल. कदाचित नुसती सवय.

नणंद मागून आली. झेंडा आणि खुंटी यांच्यामध्ये उभी राहून तिने अंतर डोळ्यांनी मोजलं. "तुमच्या दोघांच्या मध्ये एक खोली बसते," ती म्हणाली.

"हो, ताई."

"का?"

"माहीत नाही. मी विचार करतेय."

नणंद एखादा टोला हाणेल म्हणून ती वाट बघत होती. हाणला असता तर बरंच झालं असतं. पण ती म्हणाली, "मीही एका मुलीला शर्यतीतून बाद केलं होतं. रेघेवर पाय पडला म्हणून. पडला होता की नाही, अजून कळलेलं नाही मला." आणि बूट झाडायला निघून गेली.

मंजुरी मिळाली ती रस्त्यालगतच्या लहान घराला. एक खोली, स्वयंपाकघर, आणि शोषखड्ड्याऐवजी बंद टाकी, जी गाडी बोलावून उपसावी लागते. नणंदेने नकाशा पुन्हा काढून घेतला, पाहुण्यांची खोली रद्द केली आणि म्हणाली, पाहुणे आहेत तरी कुठे मला. बांधकाम चालू असताना भाऊ रोज दुकान उघडायच्या आधी तिथे जाऊन यायचा. त्याची बायको गेली नाही. काम तपासायला दुसरा माणूस नेमला होता आणि तिला उगाच कुणाच्या डोळ्यांवर यायचं नव्हतं.

कचेरीत एक गोष्ट बदलली. माती पुसट निघाली की गमबूटबाई आता एकटी ठरवत नाही. आणखी कुणाला तरी नेते. एकदा तिने होयबालाच नेलं. तो आधी नको नको म्हणाला. मग चिखलात रुतला, तिने हात दिला, आणि गिरमिट ओढताना तो दमून हसायला लागला. त्याचा चहा पुन्हा सुरू झाला. नाही म्हणायला तो अजून शिकलेला नाही, पण जागेवर जातो.

नणंद राहायला गेल्यावर पहिल्याच महिन्यात फोन आला. नेहमी तो भावाला यायचा. या वेळी गमबूटबाईला आला.

"बेडूक झोपू देत नाहीत," नणंद म्हणाली. "आणि डास. हे तुझ्या नियमात कुठेच लिहिलं नव्हतं."

"लिहून घेऊ का, ताई?"

"काही नको. रविवारी ये. त्यालाही आण, पण तू ये. पाण्यात एक पक्षी येतोय, लांब पायांचा, सकाळभर एका पायावर उभा. मला त्याचं नाव माहीत नाही आणि शेजारी म्हणतात ते मला पटत नाही."

"मला पक्ष्यांतलं काही कळत नाही."

"मलाही नाही," नणंद म्हणाली. "दोघी मिळून बघू."