सपाट माथ्याचा आलेख

पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात पाण्याच्या टँकरच्या टाक्या बनतात. अर्ध्या भरलेल्या टँकरला जोराचा ब्रेक लागला की आतलं पाणी पुढे धावतं. ते अडवायला टाकीत आडवे पत्रे बसवतात. पत्रा फाटला तर सगळं पाणी एकदम पुढे येतं, आणि वळणावर ड्रायव्हरसकट गाडी कलंडते. आमच्या मालकांना सगळे अण्णा म्हणतात. गाडी हलकी व्हावी म्हणून त्यांना पत्रा पाच मिलिमीटरऐवजी चारचा हवा होता. आराखड्यावर सही माझी लागणार होती.

पाण्याचा मारा आम्ही संगणकावर मोजतो. पाणी म्हणजे लाखो कण मानायचे आणि प्रत्येक कणाचा दाब त्याच्या शेजारच्या कणांवरून काढायचा. जुन्या प्रोग्रामला एका ब्रेकच्या हिशेबाला आठवडा लागे. पुण्याहून आलेल्या आमच्या इंजिनिअर मुलीने तो हिशेब ग्राफिक्स कार्डवर चढवला आणि दोन तासांत उत्तर आलं: चार मिलिमीटर पुरतो.

उत्तर सगळ्यांना हवं तेच होतं. मला तेच खटकलं.

"सर, तुमचा वेगावरच राग आहे का?" तिने विचारलं.

"वेगावर नाही. तो कुठून आला ते कळत नाही."

"गणित तेच आहे. फक्त एका प्रोसेसरच्या जागी कार्डवरचे हजार जण सोडवतात."

"हजारात दहा कामचुकार निघाले तर मला कोण सांगणार?"

ती हसली. जुन्या प्रोग्रामशी तिने उत्तर ताडून पाहिलं होतं, पण संथ पाण्यावर. संथ पाण्यात कुणाचंही बरोबर येतं. मी ब्रेकचा आलेख मागितला, पत्र्याच्या कोपऱ्यातल्या दाबाचा.

रेघ सरळ वर चढत होती, आणि माथ्यावर सुरीने कापल्यासारखी सपाट होती.

"पाणी आपटतं तेव्हा टोक येतं," मी म्हणालो. "हे पठार कसलं?"

"सरासरीमुळे असेल."

"असेल की आहे?"

एवढ्यात अण्णा आले. "पत्रा कापायला उद्या द्यायचाय. स्वल्प लवकर करा." 'जरा'साठी त्यांच्या तोंडी कानडी 'स्वल्प'च येतं.

"अण्णा, कोपऱ्यातला दाब मला खोटा वाटतो."

"तुम्हाला घरचं दूधही खोटं वाटतं," ते म्हणाले, पण खुर्ची ओढून बसले.

तिने प्रोग्राम उघडला. बराच वेळ वाचून मग हळूच म्हणाली, "सर, प्रत्येक कणाला शंभर शेजाऱ्यांपुरती जागा ठेवलीय. कार्डच्या मेमरीत जागा आधीच ठरवावी लागते. एरवी शंभर खूप होतात."

"आणि कोपऱ्यात?"

"तिथे गर्दी होते. शंभरच्या पुढचे मोजलेच जात नाहीत. प्रोग्राम तसं सांगतही नाही."

जिथे मारा सगळ्यात जास्त, तिथलंच पाणी हिशेबातून गळत होतं. तिने जागा वाढवली. हिशेब थोडा मंदावला, पण आलेखाला टोक आलं. त्या दाबाला चारचा पत्रा टिकत नव्हता, पाचचा टिकत होता.

गळालेले कण दाखवणारा आकडाही तिने पडद्यावर आणला. तो शून्य होता. मी तिला जागा मुद्दाम पुन्हा कमी करून चालवायला सांगितलं.

"आता शून्यावरही संशय?"

"शून्यावरच."

तिने जागा कमी केली तसा आकडा भराभर चढला; म्हणजे आधीचा शून्य खरा होता. मग मी सही केली, पाच मिलिमीटरवर. अण्णांनी कागद उचलला, पत्र्याच्या जाडीच्या आकड्यावरून एकदा बोट फिरवलं, आणि कापणी विभागाकडे गेले.