टायरच्या खोलीचा ठराव

ताई म्हणजे बस आगारातल्या सगळ्यात जुन्या महिला कंडक्टर. गच्च भरलेल्या गाडीत त्यांनी 'पुढे सरका' म्हटलं की प्रवासी तर सरकतच, शेजारून चाललेल्या सायकलीही सरकत, अशी त्यांची ख्याती. कर्मचारी संघटनेच्या सभेत मात्र हा आवाज कुठे दडी मारून बसे कोण जाणे. उभ्या राहिल्या की तोंडातून "ते… आपलं…" एवढंच.

तरी गेल्या सभेत धीर करून त्यांनी ठराव मांडला होता : जुन्या टायरची खोली महिला कंडक्टरांना विश्रांतीसाठी मिळावी. दोन फेऱ्यांच्या मधे या बायका उभ्या बसमध्ये कपडे बदलायच्या, दारात एकीला पहाऱ्याला ठेवून. चर्चेला तोंड फुटतं न फुटतं तोच डिझेलची टाकी गळत असल्याची खबर आली. "हा ठराव तूर्त बाजूला ठेवू," असं म्हणून अध्यक्ष टाकीकडे धावले. टाकी दुरुस्त झाली. ठराव बाजूलाच राहिला.

अध्यक्ष म्हणजे अण्णा, ताईंच्याच बसवर अकरा वर्षं ड्रायव्हर. माणूस मनाचा चांगला, पण सभाही गाडीसारखी वेळेच्या आत पोचवायची, हा त्यांचा बाणा.

ताईंचे सासरे नगरपालिकेच्या सभांची इतिवृत्तं लिहून निवृत्त झालेले. घरात भाजी कुठली करायची यालाही त्यांना अनुमोदक लागे. त्यांनी संघटनेची नियमावली नाकाला लावून वाचली.

"सूनबाई, बाजूला ठेवलेला ठराव पुढच्या सभेत उचलला नाही, तर तो मेला. मग नवी नोटीस, नवी सभा."

"तोवर खोली जाईल, बाबा. महिनाअखेरपर्यंत संघटनेने ठराव करून मागितली नाही, तर आगाराचे साहेब तिथे सुटे भाग भरणार आहेत."

"मग उद्याच्या सभेत उचल. 'बाजूला ठेवलेला ठराव पुन्हा हाती घ्यावा', एवढं एकच वाक्य. उचलायचा की नाही यावर चर्चा नसते, भाषण नसतं. थेट हात वर."

"भाषण नसतं?" ताईंचा चेहरा उजळला.

"नसतं. फक्त दुसरा विषय चालू असताना मधे घुसता येत नाही. दोन विषयांमधली फट गाठायची."

"फटीतून शिरायचं मला नका शिकवू. रोज तेच करते."

सभा भरली सीटा दुरुस्त करायच्या शेडमध्ये. काढून ठेवलेल्या सीटांवरच सगळे ऐसपैस बसले होते. पण अण्णा फट ठेवतील तर शपथ. "मंजूर? मंजूर. विषय चौथा," सगळं एका दमात. ताई तीनदा उठल्या, तीनदा बसल्या.

"ताई, गाडी सुटतेय तुमची," शेजारची तरुण कंडक्टर कुजबुजली.

"गप गं."

शेवटचा विषय मंजूर झाला. अण्णांनी "तर मंडळी, सभा सं—" म्हणायला तोंड उघडलं. ताई चौथ्यांदा उठल्या, पण तोंडातून पुन्हा "ते… आपलं…" एवढंच. हातात तिकिटांचा चिमटा होता. त्यांनी तो सीटच्या लोखंडी दांड्यावर एकदाच हाणला. टण्.

कंडक्टरची एक घंटी म्हणजे थांबा. अण्णांचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला आणि वाक्याला करकचून ब्रेक लागला. सभेतले बाकीचे ड्रायव्हरही माना वळवून मागे बघू लागले.

"कोण उतरतंय, ताई?" अण्णांनी सवयीने विचारलं.

शेड हसली, ताईही हसल्या, आणि हसता हसता आवाज मोकळा झाला. गाडीतल्या आवाजात त्या म्हणाल्या, "टायरच्या खोलीचा बाजूला ठेवलेला ठराव पुन्हा हाती घ्यावा."

"अनुमोदन," शेजारची तरुण कंडक्टर उठून म्हणाली.

"यावर माझं असं मत आहे की—"

"यावर मत नसतं, अण्णा. हात मोजा."

अण्णांनी नियमावली उलटीपालटी केली. "नसतं खरं," ते पडेल आवाजात म्हणाले आणि हात मोजू लागले. दोनदा मोजावे लागले, कारण पहिल्या वेळी ते स्वतःचाच हात विसरले होते.

ठराव हाती आला. एका मेकॅनिकने विचारलं, "टायर कुठे ठेवायचे?" ताई एका दमात म्हणाल्या, "मागच्या शेडमध्ये. जागा मोजून आलेय, चार ओळी बसतात." पुन्हा हात वर झाले. ठराव मंजूर.

त्याच दुपारी टायर गडगडत बाहेर निघाले. बायका ढकलत होत्या, ड्रायव्हर वाटेतल्यांना हाका मारून बाजूला करत होते. फरशी धुऊन झाल्यावर ताईंनी चटई टाकली, भिंतीला पाय लावले आणि पुढच्या फेरीला दहा मिनिटं होती तेवढ्यात डोळे मिटले. दाराबाहेर अण्णा येणाऱ्याजाणाऱ्याला गप्प राहायला सांगत होते, ओरडून ओरडून.