पत्र्याखाली गेलेलं अंगण

चौसाळ्याला आमचं दुकान रस्त्यावर, दुकानामागं घर आणि घरामागं अंगण. मी सून म्हणून आले तेव्हा तिथं एक बेलाचं झाड आणि तेलाच्या रिकाम्या डब्यांचा ढीग, एवढंच होतं. बाग केली ती माझ्या नणंदेनं. तिला सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं होतं, मोटारसायकल घेऊनच ये म्हणाले होते. दोन वर्षांत तिनं तिथं मोगरा, जाई, आबोली, कन्हेर लावली, न्हाणीजवळ दोडक्याचा वेल चढवला. आंघोळीच्या, भांड्यांच्या पाण्याचा तिनं एक थेंब वाया जाऊ दिला नाही.

उन्हाळ्यात आम्ही राहायचो ते अंगणातच म्हणा ना. ऊन कललं की दोघी मिळून सडा टाकायचो, बाजा काढायचो. सासरे, त्यांना सगळे आप्पा म्हणत, संध्याकाळची लिंगपूजा उरकून तिथंच भाकरी खायचे. गल्लीतल्या बाया गजरे करायला यायच्या. नणंद माझी चेष्टा करायची, "वैनी, तुमी गजरा घातला की दादा दुकान लवकर बंद करतो बघा." आणि हसायची. आल्या आल्या तर तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, म्हणून मला त्या हसण्याचं लई अप्रूप.

तेव्हा दर आठवड्याला दुकानात काहीतरी नवं यायचं. शाम्पूच्या पुड्या, थंड पेयाच्या बाटल्या, चकचकीत कागदातली बिस्किटं. बीडचा एक व्यापारी गोदाम शोधत आला आणि त्याला आमचं अंगण आवडलं. त्याच आठवड्यात नणंदेच्या सासरहून निरोप आला, गाडी देत असाल तर नांदवतो. आप्पांनी दोन्ही गोष्टी जुळवल्या. अंगण भाड्यानं देऊन उचल घेतली आणि गाडी घेतली.

मी नवऱ्याला म्हटलं, "तिला इचारलं का?"

"तिला काय इचारायचं? तिचं भलंच व्हतंय ना!"

भलं म्हणे! माझ्या मस्तकात तिडीक गेली. ती मला चुलीपाशी म्हणाली होती, "वैनी, मला न्हाई जायचं. तिथं मारत्यात." मी पदर सावरून आप्पांपुढं जाऊन तेच सांगितलं. ते खाली बघत म्हणाले, "लेकीचं घर सासरच असतंय. चार दिवस सोसावं लागतंय." त्यांचा आवाज कापत होता, हेही खरं. पण कापून काय उपयोग?

अंगणावर पत्र्याचं छप्पर घालायला माणसं आली, मोगरा मुळासकट उपटला, वेल ओढून काढला. बेलाची पाळी आली तेव्हा मात्र आप्पा धावत गेले. "त्याला कुऱ्हाड लावू नका! म्हादेवाचं झाड हाय, पाप लागंल." मग खोडाभोवती पत्रा गोल कापला आणि बेल तसाच वर काढला. झाड तोडायचं पाप यांना दिसलं. पोरीला त्या गाडीवर मागं बसवून सासरी धाडताना कुणालाच कसं दिसलं नाही? मी त्या दिवशी जेवले नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

वैशाखात वळीव झाला. पाणी बेलाच्या खोडावरून थेट गोदामात उतरलं, बिस्किटांची खोकी भिजून लगदा झाला. व्यापारी शिव्या घालत माल उचलून गेला. पत्रा तेवढा राहिला, आणि त्याच्याखाली दुपारी पाय ठेववत नव्हता.

पुढच्या चैत्रात नणंद एकटीच यष्टीनं आली. हातात एक पिशवी. डाव्या हाताची दोन बोटं वाकडी झालेली, ती पदरात लपवत होती. गाडी तिकडंच राहिली, अर्थात. ती सरळ मागं गेली आणि पत्र्याखाली उभी राहिली. दुकानातून आप्पा आले, मागून माझा नवरा.

"बस माय, पाणी पी," आप्पा म्हणाले.

ती बसली नाही. "आप्पा, मला धाडायला तुमी अंगण दिलं. आता ठिवून घ्यायला काय द्यावं लागंल?"

आप्पांनी माझ्या नवऱ्याकडं पाहिलं, नवऱ्यानं जमिनीकडं. मी तिची पिशवी उचलून माझ्या खोलीत ठेवली आणि नवऱ्याचं अंथरूण दुकानात नेऊन टाकलं.